यंत्र गेलं, रकाना राहिला

पोस्ट मोठी आहे. विषय कंप्युटरचा आहे, पण फक्त कंप्युटरवाल्यांचा नाही. वेळ काढून शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक छोटं काम मागितलंय.

२०१७ च्या मार्चमध्ये लिनक्समध्ये एक मोठं भोक सापडलं. अलेक्झांडर पोपोव्ह या सुरक्षा संशोधकाने ते शोधलं. भोक होतं एन-एचडीएलसी नावाच्या एका तुकड्यात. हा तुकडा काही विशिष्ट सिरियल कार्डांसाठी लिहिलेला. ही कार्डं मी कधी पाहिलेली नाहीत, तुम्हीही पाहिली नसतील आणि ज्यांच्या सर्व्हरला या भोकामुळे धोका होता त्यातल्या बहुतेकांनीही पाहिली नसणार. तरी रेड हॅट, फेडोरा, डेबियन, उबुंटू, सुसे या मोठ्या लिनक्समध्ये तो तुकडा तयार करून ठेवलेला होता. कार्ड मशीनमध्ये असायची गरजच नव्हती. मशीनवर साधं खातं असलेला, कसलाही अधिकार नसलेला माणूस तो तुकडा जागा करू शकत होता आणि त्यातल्या चुकीचा फायदा घेऊन पूर्ण मशीनचा ताबा मिळवू शकत होता. चूक २००९ पासून तिथे होती. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं.

त्याच्या आदल्याच महिन्यात अशीच दुसरी भानगड बाहेर आली होती. डीसीसीपी नावाची, नेटवर्कवर माहिती पाठवायची एक पद्धत. २००५ मध्ये लिनक्समध्ये आली, फारशी कोणी वापरली नाही, पण बहुतेक ठिकाणी चालू राहिली. त्यातली चूकही तेव्हापासूनचीच. आंद्रे कोनोवालोव्हने ती शोधली तेव्हा ती बारा वर्षांची होत आली होती. शेवटी २०२५ मध्ये डीसीसीपी लिनक्समधून काढूनच टाकली.

दोन्ही गोष्टींमध्ये साम्य काय? वापरात नसलेल्या गोष्टीने वापरात असलेल्या मशीनला धोका निर्माण केला. आजचा विषय हाच आहे.

ज्यांना लिनक्सचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लिनक्स कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. वरची ॲप्स आणि खालचं यंत्र यांच्यामध्ये तो बसलेला असतो. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, नेटवर्कवरून काय जाणार, सगळं तोच ठरवतो. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल आहे. जगातले बहुतेक सर्व्हर यावरच चालतात. त्यामुळे 'आपला काय संबंध' असं म्हणायची सोय कोणालाच नाही.

आता हा कर्नल तयार करताना एक भलामोठा अर्ज भरावा लागतो. खरंच अर्जच. प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक सोयीसाठी एक रकाना. हे कार्ड पाहिजे का? तो जुना पोर्ट पाहिजे का? उत्तरं बहुतेक वेळा तीन: हो, नाही, किंवा 'बाजूला तयार ठेवा, लागलं तर घेऊ'. या तिसऱ्या प्रकाराला मॉड्यूल म्हणतात. एन-एचडीएलसी असाच बाजूला ठेवलेला होता. अर्जात असे रकाने किती? दहा हजारांच्या वर. प्रत्येकाखाली थोडी माहिती असते आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी सल्ला असतो: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

पण 'नाही' म्हणणार कोण? हा अर्ज तुम्ही-आम्ही भरत नाही. उबुंटू, रेड हॅट असली मंडळी भरतात, आणि त्यांचीही अडचण खरी आहे. त्यांचं लिनक्स कोण कुठल्या मशीनवर टाकेल हे त्यांना माहीत नसतं. एखाद्या कारखान्यात जुनं कार्ड असेल, एखाद्या प्रयोगशाळेत वीस वर्षांपूर्वीचं यंत्र असेल. मग ते जवळपास सगळ्यालाच 'तयार ठेवा' म्हणतात. एकाची सोय होते, धोका मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो.

मी इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुक्याच्या गावातून बातम्या देणारा माणूस आहे. पण रकाने, याद्या, नोंदी हा आमचा रोजचा विषय. आणि कर्नलमधली ही साफसफाई कशी चालते हे जसजसं वाचत गेलो, तसं लक्षात आलं की यात आपल्या सार्वजनिक कारभाराला शिकण्यासारखं बरंच आहे. आणि एका बाबतीत त्या लोकांनाही आपल्याकडून ऐकून घ्यावं लागेल.

सगळी अडगळ एकसारखी नसते, तीन प्रकार आहेत. एक, यंत्र गेलं पण त्याचा कोड राहिला. दोन, कोडही गेला पण त्याचं नाव कागदोपत्री राहिलं. तीन, यंत्र जुनं आहे, पण कुठेतरी चालू आहे. या तिघांना एकच झाडू लावला की घोटाळा होतो.

आधी दुसरा प्रकार घेतो, कारण तो वरवर सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. समजा एखादा ड्रायव्हर काढून टाकला. त्याचा रकाना अर्जातून गेला. पण तयार भरून ठेवलेले नमुना अर्ज असतात, त्यात त्याचं नाव राहतं. दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमध्ये 'हा रकाना हो असेल तर एवढं करा' अशी ओळ राहते. तो रकाना आता कधीच 'हो' होणार नाही, म्हणजे ती ओळ कधीच चालणार नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं की चालते. जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यांनी बनवलेल्या साधनाने लिनक्सच्या एकाच आवृत्तीत अशा विसंगती शोधल्या, तेव्हा १,७७६ निघाल्या. त्यांच्या दुरुस्त्यांमुळे पाच हजारांवर अनावश्यक ओळी कमी झाल्या. पुढे व्हॅलेंटिन रोथबर्गने लिहिलेली अशी मेलेली नावं शोधणारी एक स्क्रिप्ट कर्नलच्या कोडमध्येच आली. आजही ती कोणीही चालवून बघू शकतं.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. त्या अभ्यासात एक ओळ सापडली जी 'सीपीयू हॉटप्लग' नावाचा रकाना तपासत होती. असा रकानाच नव्हता. खरं नाव होतं 'हॉटप्लग सीपीयू'. लिहिणाऱ्याने शब्द उलटे टाकले होते. त्यामुळे जो कोड चालायला हवा होता तो सहा महिन्यांहून जास्त काळ गपचूप बंद होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आता विचार करा, साफसफाई करणाऱ्याने 'हे नाव यादीत नाही, म्हणजे मेलेलं आहे' म्हणून ती ओळ उडवून टाकली असती तर? मेलेला आणि नाव चुकलेला यात फरक आहे. मतदार यादी ज्यांनी कधी जवळून बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मयत म्हणून नाव कमी झालेला माणूस मतदान केंद्रावर स्वतः उभा राहतो, तेव्हा चूक बहुतेक वेळा अशीच कुठेतरी झालेली असते. म्हणून साफसफाईचं काम यंत्रावर सोडता येत नाही. यंत्र संशयित दाखवतं, निकाल माणसानेच वाचून द्यायचा.

आणि कागदोपत्री राहिलेलं नाव निरुपद्रवी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याकडचं ६६-अ आठवावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं हे कलम. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते कलम पूर्ण रद्द केलं. विषय संपला? नाही. सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, कोर्टासमोर आलं की याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच आहे. न्यायमूर्तींनी आश्चर्य व्यक्त केलं. ॲटर्नी जनरलनी कारण सांगितलं ते अगदी साधं होतं: कायद्याच्या छापील पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत असतं. ठाण्यातला माणूस कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. कोड गेला होता, नाव राहिलं होतं, आणि त्या नावावर माणसांवर गुन्हे दाखल होत होते. २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं.

म्हणून लिनक्समध्ये जे लोक एकेक मेलेलं नाव शोधून एकेका ओळीची दुरुस्ती पाठवतात, त्यांच्या कामाला मी फार मोठं समजतो. त्यात नाव होत नाही. नवीन फीचर आणणाऱ्याचं कौतुक होतं, जाळी-जळमटं काढणाऱ्याला कोण विचारतंय?

आता पहिला प्रकार: यंत्र गेलं, कोड राहिला. इथे लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'कोपऱ्यात पडलंय तर पडू द्या की. खायला मागतंय का?' मागतंय. कर्नल ही अडगळीची खोली नाही, कुलूप लावलं आणि विसरलं असं होत नाही. ती एकाच पायावर उभी असलेली चाळ आहे. मुख्य पाइप बदलायचा ठरला की प्रत्येक खोलीतला जोड बदलावा लागतो, बंद खोलीतलासुद्धा. आणि बंद खोलीत नळ चालू झाला की नाही हे तपासायला कोणी नाही, कारण ते यंत्रच कोणाकडे नाही. मग न तपासलेला बदल, त्यावर दुसरा न तपासलेला बदल, असे थर चढतात. भोकं पडतात ती अशाच थरांत.

३८६ ची गोष्ट घ्या. ही चिप इंटेलने १९८५ मध्ये आणली. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ च्याच मशीनवर. म्हणजे हे लिनक्सचं जन्मघर. पण एकाहून जास्त प्रोसेसर एकाच वेळी एकाच जागेवर लिहायला गेले तर भांडण होऊ नये, यासाठी लागणारी एक महत्त्वाची सूचना ३८६ मध्ये नव्हती, ती ४८६ पासून आली. ३८६ ला सांभाळायचं म्हणून नव्या कामातही दरवेळी वेगळी पळवाट ठेवावी लागायची. डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोलनारने ती काढून टाकायची दुरुस्ती पाठवली आणि लिनसने ती स्वीकारली. आपण भावनाप्रधान नाही, असं त्याने तेव्हा सांगितलं. जन्मघर होतं म्हणून ठेवलं नाही. आपल्याकडे एखाद्या खात्याचा पहिला फॉर्म रद्द करायचा म्हटलं तर किती जणांच्या भावना दुखावतील याचा अंदाज करा.

२०१८ मध्ये त्याहून मोठी साफसफाई झाली. आर्न्ड बर्गमनने पुढाकार घेऊन एकदम आठ प्रकारच्या प्रोसेसरांचा आधार काढला. ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे. जवळजवळ पाच लाख ओळी गेल्या. या आठही जणांची कहाणी सारखीच होती: प्रत्येकामागे एकच कंपनी, तिने स्वतःची चिप बनवली, पुढे ते परवडेना म्हणून बाजारात मिळणारी तयार रचना घेतली. जुन्या चिपचा कोड मात्र तसाच मागे राहिला. त्याच सुमारास इन्फ्रारेडचा कोडही गेला. आठवतंय ना, जुने नोकिया समोरासमोर धरून फोटो पाठवायचो? तेच. मग इंटेलचं इटॅनियम. २००१ मध्ये गाजावाजा करून आलं, इंटेलने २०२१ मध्ये शेवटची खेप पाठवली, आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत लिनक्सनेही त्याला निरोप दिला.

यावरून कोणाला वाटेल की जुनं ते काढ असा नियम असेल. तसं नाही, आणि मला आवडलेली गोष्ट हीच आहे. ज्या आवृत्तीत आठ प्रोसेसर काढले, त्याच आवृत्तीत एनडीएस-३२ नावाचा एक नवीन प्रोसेसर आत घेतला होता. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, तोही काढला, कारण सांभाळणारं कोणी उरलं नाही. आणि मोटोरोलाची ६८००० ही चिप, जुन्या अमिगा आणि अटारी कंप्युटरमधली, १९७९ ची? तिच्या कुटुंबाचा आधार अजून आहे. कारण तिच्यावर जीव असलेले लोक आहेत, ते दर आवृत्तीला तपासतात, मोडलं तर दुरुस्त करतात. म्हणजे कसोटी वयाची नाही. वाली आहे की नाही, याची आहे.

लिनक्समध्ये यासाठी एक यादी असते. कोणता तुकडा कोण सांभाळतो हे त्यात नावानिशी लिहिलेलं असतं, आणि स्थिती लिहिलेली असते: पगारी माणूस आहे, सांभाळणारा आहे, जमेल तेव्हा बघतो, अनाथ आहे, कालबाह्य आहे. 'अनाथ' हा शब्द त्यांनी अधिकृतपणे वापरलाय. २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर असाच अनाथ जाहीर झाला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालणारी फ्लॉपीच राहिली नव्हती. पण जाहीर झाल्यामुळे काय झालं? दुसरा माणूस पुढे आला, त्याने जबाबदारी घेतली, कोड नीट केला. फ्लॉपी राहिली. एच-८/३०० नावाची एक चिप तर २०१३ मध्ये काढली, २०१५ मध्ये कोणीतरी सांभाळायला तयार झालं म्हणून परत घेतली, आणि २०२२ मध्ये पुन्हा काढली. काढलेलं काहीही कायमचं नष्ट होत नाही, जुना कोड इतिहासात जपलेला असतो.

आता आपल्याकडे बघा. आमच्याकडच्या एका सरकारी कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज मी गेल्या वर्षी भरला. त्यात फॅक्स नंबर सक्तीचा. रिकामा सोडला तर अर्ज पुढे जात नाही. विचारलं तर टेबलावरचे साहेब म्हणाले, 'दहा शून्य टाका, सगळे तेच टाकतात.' मी विचारलं, रकाना काढत का नाही? म्हणाले, 'वरून आलाय.' वर कोण? कोणालाच माहीत नाही. त्या रकान्याला वाली नाही, पण तो अनाथ आहे असं जाहीर करायची पद्धतही नाही. म्हणून तो अमर आहे. दहा शून्यं टाकायची सवय ही साधी गोष्ट नाही. सरकारी कागदावर खोटं लिहायला आपण लोकांना शिकवतोय आणि त्यातून जमा होणारी माहिती कचरा होतेय.

इथपर्यंत मी साफसफाईच्या बाजूने बोललो. आता तिसरा प्रकार: यंत्र जुनं, पण कुठेतरी चालू. इथे मला त्या मंडळींशी थोडं भांडायचंय.

काढण्याआधी तिथे विचारतात, 'कोणी वापरतंय का?' कोणी ओरडलं नाही तर काढतात. पद्धत प्रामाणिक आहे. पण हा प्रश्न विचारला जातो इंग्रजीत, ईमेलच्या याद्यांवर, जिथे जगातले काही हजार लोक वाचत असतील. आमच्या तालुक्यातल्या शाळेतल्या कंप्युटर लॅबच्या सरांना ती यादी आहे हेच माहीत नाही. त्यांनी वापर थांबवलेला नाही, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नाही. बरं, दुसरी अडचण अशी की जुन्या मशीनवर लिनक्सही जुनंच असतं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं. आज काढलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचेल ती अजून पाच वर्षांनी. ओरड होईल तेव्हा, आणि तोपर्यंत 'कोणी ओरडलं नाही' अशी नोंद होऊन विषय बंद झालेला असेल.

ही कल्पनेतली भीती नाही. ३२ बिटच्या मशीनचं हेच चाललंय. उबुंटूने २०१७ च्या ऑक्टोबरपासून ३२ बिट पीसीसाठी डेस्कटॉपची इन्स्टॉल डिस्क देणं बंद केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत. कर्नलमध्ये ३२ बिटचा आधार अजून आहे, पण तो किती काळ ठेवायचा याची चर्चा सुरू आहे. २०२५ मध्येच ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमचा आधार काढायचा प्रस्ताव आला. त्यावर लिनसचं मत, ४८६ साठी एक सेकंदही घालवायचं खरं कारण उरलेलं नाही. त्याआधी २०२२ मध्ये तो म्हणाला होता की ही मशीनं आता संग्रहालयातल्या वस्तू आहेत, त्यांनी संग्रहालयातलेच कर्नल चालवावेत.

४८६ बद्दल मला त्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे. आमच्या भंगारवाल्याकडेही आता ४८६ मिळणार नाही. पण ही रेघ पुढे सरकत सरकत पंधरा-सतरा वर्षांपूर्वीच्या ३२ बिट नेटबुकपर्यंत आली की मग मी म्हणेन, थांबा. ते संग्रहालय नाही. ती एखाद्या वाडीवरच्या शाळेची लॅब असू शकते, देणगीत मिळालेल्या चार मशीनची. लिनक्सबद्दल आम्ही वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आलो ना, की विंडोज चालत नाही तिथे हे टाका, जुन्या मशीनला जीव येईल? गरिबाचं ऑपरेटिंग सिस्टम म्हणून त्याची ओळख आहे. जुना कर्नल चालवत राहा, हे उत्तर अर्धंच आहे, कारण जुन्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या कायम मिळत नाहीत. इंटरनेटला जोडलेली, दुरुस्ती बंद झालेली मशीन पोरांच्या हातात द्यायची हा काही पर्याय नव्हे.

मात्र भांडण करताना हेही मान्य करू की त्या लोकांनी आपलं ओझं फुकट वाहावं अशी अपेक्षा ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. अमिगावाल्यांनी काय केलं? रडत बसले नाहीत. सांभाळायला माणूस दिला. आपल्याकडे दरवर्षी हजारो पोरं कंप्युटर इंजिनिअर होऊन बाहेर पडतात आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टम करतात. मागच्या वर्षीच्यांनीही तीच केलेली असते. त्याऐवजी चार पोरांच्या एका गटाने कर्नलमधली ती मेलेली नावं शोधणारी स्क्रिप्ट चालवावी, एक नाव घ्यावं, ते खरंच मेलंय की चुकलंय याचा इतिहास खणावा, आणि एका ओळीची दुरुस्ती कारणासकट पाठवावी. नाकारली जाईल, परत येईल, कारण नीट लिहा म्हणून सांगतील. त्यातून जे शिकतील ते कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही. आणि अशी दहा-वीस पोरं तिथे रुळली, तर उद्या ३२ बिटचा प्रश्न येईल तेव्हा 'आम्ही वापरतो, आणि आम्ही सांभाळतो' असं सांगायला आपलं माणूस तिथे असेल. नुसतं 'वापरतो' म्हणणाऱ्याला वजन नसतं, 'सांभाळतो' म्हणणाऱ्याला असतं.

सरकारी कारभाराकडूनही माझी मागणी याच धर्तीची आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही. प्रत्येक फॉर्मच्या प्रत्येक रकान्यामागे एका अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असावं: हा रकाना कोणी मागितला, या माहितीचं पुढे काय होतं. दोन वर्षं त्या माहितीला कोणी हात लावला नसेल तर रकाना अनाथ म्हणून जाहीर करावा. हरकतीसाठी मुदत द्यावी, आणि ती मुदत फक्त वेबसाइटच्या कोपऱ्यात नाही, तर मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, स्थानिक पेपरात. कोणी कारणासह हरकत घेतली तर रकाना राहू द्यावा. नाही घेतली तर काढावा, आणि काढला की छापील फॉर्मपासून झेरॉक्सच्या दुकानातल्या नमुन्यापर्यंत सगळीकडून काढावा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नाहीतर ६६-अ सारखं होतं.

कोणी म्हणेल, कुठे कर्नल आणि कुठे ग्रामपंचायत. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. वाढवणं सोपं असतं, त्याचं उद्घाटन होतं. कमी करायला हिंमत लागते, कारण काही मोडलं तर नाव काढणाऱ्याचं होतं, आणि नाही मोडलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. लिनक्सवाल्यांनी त्या हिंमतीला पद्धतीची जोड दिली: यादी ठेवा, वाली कोण ते लिहा, आधी सांगा, थांबा, मग काढा, आणि चुकलं तर परत घ्या. म्हणून एवढ्या प्रचंड पसाऱ्यातही दर नऊ-दहा आठवड्यांनी नवीन आवृत्ती निघू शकते.

आता ते छोटं काम. तुमच्या शाळेत, ग्रंथालयात, पतसंस्थेत, घरी कुठेही ३२ बिटचं लिनक्स चालू असेल तर कमेंटमध्ये मशीनचं मॉडेल, प्रोसेसर आणि लिनक्सची आवृत्ती लिहा. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून 'युनेम' ही आज्ञा इंग्रजी स्पेलिंगने टाकली, पुढे एक जागा सोडून वजा चिन्ह आणि लहान ए टाकला, की कर्नलची माहिती दिसते. जमत नसेल तर मशीनच्या स्टिकरचा फोटो टाका. संस्थेचं नाव लिहायची गरज नाही. पन्नास नोंदी झाल्या तरी मी आपल्या भागातल्या कंप्युटरच्या पोरांना बसवून त्याची नीट यादी करून घेतो आणि पुढची चर्चा होईल तेव्हा ती इंग्रजीत तिथे पोचेल असं बघतो. आणि एकही नोंद आली नाही, तर तेही कळेल. मग माझं भांडण मी मागे घेईन आणि म्हणेन, काढा.

ज्यांच्या अर्जात अजून फॅक्स नंबर सक्तीचा आहे त्यांनीही कमेंटमध्ये सांगा. ती यादी वेगळी करतोय.